राखणदाराला बांधलेला नाडा

आमच्या घरात मार हा जेवणासारखाच होता. रोजचा, वेळेवरचा, आणि कुणी मागितला नाही तरी वाढला जाणारा. नाना, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात टर्बाइन हाउसचे फोरमन होते. धुळे आणि धरणगाव यांच्या मधल्या टापूतला हा कारखाना. नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडलेलं नाही. कामावर नानांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. अंगात ताकद, हातात कसब, आणि तोच हात घरी आला की मायच्या पाठीत. डाळीला मीठ कमी पडलं तर एक, जास्त पडलं तर दोन. आमच्या खानदेशात एका झणझणीत डाळीला फौजदारी डाळ म्हणतात. ती चुलीवर असली की मी मायला म्हणायची, "माय, आज डाळ पण फौजदारी आनी नाना पण." माय हसायची नाही. पदराने चुलीतला धूर बाजूला करायची आणि कळण्याच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवत राहायची.

मायला मी कधी नानांसमोर पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. "हा", "नही", "वाढू का?" एवढ्यावर तिचा संसार चालला होता. माझं तसं नव्हतं. माझी जीभ लहानपणापासून तिखट, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. दहावीनंतर मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जाणार म्हटलं तेव्हा नानांनी कमरेचा पट्टा काढला. मी जेवण सोडलं. पुन्हा पट्टा. शेवटी कारखान्याच्या चेअरमन आबांनी भर सभेत "आमच्या फोरमनची पोरगी इंजिनेर होणार" असं जाहीर करून टाकलं. आबांना टाळ्या हव्या होत्या, मला प्रवेश. दोघांचं काम झालं, आणि नानांची पंचाईत झाली. धुळ्याला मी वर्गात एकटी मुलगी. मागच्या बाकावरून खडू यायचे, एकदा दगड आला. तो मी उचलून परत केला आणि ज्याला लागला त्याला टाके पडले. त्यानंतर खडू बंद झाले.

शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले, त्याच उन्हाळ्यात कारखान्यात नवं टर्बाइन आलं. नवं म्हणजे आम्हाला नवं. फ्रान्समध्ये वापरलेलं, उघडून पुन्हा नीट केलेलं. आणि त्याच्या खोक्यांमागोमाग, गेस्ट हाउसच्या जीपमधून, ते उभं करून द्यायला एक बाई उतरली. पन्नाशी ओलांडलेली, केस कातरलेले, अंगात निळा डगला, उजव्या भुवईवर जुना आडवा व्रण. नाव ओदिल. आमच्या लोकांच्या जिभेवर ते नाव दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही. ओदिलचं झालं वडील, आणि बाईला सगळा कारखाना 'वडीलबाई' म्हणू लागला. "वडीलबाई ऊनी रे, बिड्या ईझाडा!" असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे खरंच विझवायचे. मला गंमत वाटायची. जन्माचे वडील घरी पट्टा घेऊन बसलेले, आणि हे दुसरे वडील कारखान्यात पाना घेऊन.

बाईला इंग्रजी मोडकंतोडकं येई, मलाही तेवढंच. दोन लंगड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालावं तसं आमचं जमलं. आबांनी मला तिची दुभाषी नेमलं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात फीलर गेज दिलं आणि बेअरिंगमधली फट मोजायला लावली. चुकले. तिने माझ्या मनगटावर जोरात चापट मारली आणि म्हणाली, "पुन्हा." मी म्हटलं, "मारायचं नाही. मार मला घरी मिळतो." तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही. पुढे चाळीस वर्षं मी टर्बाइनमध्येच काढली, माझ्या हाताखाली शेकडो पोरं-पोरी तयार झाल्या, मी त्यांना शिव्या भरपूर दिल्या, पण मारलं एकालाही नाही. त्याचं श्रेय मी त्या एका नजरेला देते.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ती कूलिंग टॉवरच्या सावलीत बसायची. मी मायने दिलेलं वांग्याचं भरीत आणि भाकरी न्यायची. पहिला घास घेतल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने फ्रेंचमध्ये काहीतरी खणखणीत हासडलं आणि मग सगळं भरीत संपवलं. तिथेच तिने मला तिची कहाणी तुकड्या-तुकड्याने सांगितली. नदीकाठच्या एका गावात ती जन्मली. युद्धात गाव बॉम्बने सपाट झालं, आणि ढिगाऱ्यातून आईला बाहेर काढलं ते हिनेच, स्वतःच्या हातांनी. आई जिवंत नव्हती. युद्ध संपलं तेव्हा ती मुलगीच होती. टर्बाइनच्या कारखान्यात नकाशे काढायला लागली, तिथून हट्टाने पात्यांच्या खात्यात गेली. टर्बाइनच्या चाकाला चहूबाजूंनी पाती असतात, त्यांच्यावर वाफ आदळते आणि चाक फिरतं. तिथल्या पुरुषांनी हिच्या डब्यात मेलेला उंदीर ठेवला. मग एके दिवशी कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ गार करणाऱ्या टाकीच्या पोटात, अंधारात, बाहेरून झाकण लावून कोंडलं. बाहेर आल्यावर तिने खात्याच्या मुकादमाला जाब विचारला, त्याने तिच्या तोंडावर लोखंडी पट्टी मारली. भुवईवरचा व्रण तो. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "पाना होता हातात," ती म्हणाली. "त्याचे दात दोन दिवस शोधत होते."

तिला इंजिनिअर म्हणून मान्यता मिळायला बरीच वर्षं लागली. त्या कारखान्याच्या चाचणीघरात उभी राहून टर्बाइन चालू करणारी ती पहिली बाई. शेवटच्या ओळीतली लांब पाती थरथरून तुटतात, त्यांना तारेने एकमेकींशी ओवायची तिने स्वतःची रीत काढली, आणि तिच्या वरिष्ठाने ती आपल्या नावावर लावली. ती रीत सर्वत्र लागू होण्याआधी एक पातं तुटलं. भिंत फोडून बाहेर गेलं. वाटेत तिचा नवरा उभा होता, त्याच खात्यातला. हे सांगताना ती भाकरीची कड मोडत होती. "त्याचं शरीर मी पाहिलं," ती म्हणाली. "तेव्हापासून मी टर्बाइनवर प्रेम करत नाही. मी त्याच्यावर पहारा ठेवते." मला त्या वयात ते वाक्य फार मोठं वाटलं नाही. मला तिचे सुरकुतलेले, डाग पडलेले हात पाहायला आवडायचे. माझे तसे व्हावेत असं वाटायचं. झालेही.

आता राखणदार या शब्दाकडे येते. टर्बाइनच्या पुढच्या टोकाला एक छोटा दांडा असतो. वेग हाताबाहेर गेला की आतली खिटी बाहेर येते, दांड्याची अडकण सुटते, दांडा खाली पडतो आणि वाफेची झडप खाडकन बंद होते. बाकी सगळं फसलं तरी हा एक दांडा पडायलाच हवा. बाईने सगळ्या पाळीला गोळा करून तो दाखवला आणि मला म्हणाली, यांना सांग. मी सांगितलं, "हा राखणदार आहे. आपल्या सगळ्यांचा जीव याच्या हातात. याला कुणी हात लावायचा नाही." नाना पुढेच उभे होते. त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, उकडत असेल. नंतर पाहिलं तर पाळीवर येणारा प्रत्येक जण त्या दांड्याच्या पाया पडून कामाला लागे. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो, पिकाची राखण करतो, तसा टर्बाइनचा हा. बाईला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "छान. देव असला तर कुणी त्याच्याशी खेळणार नाही."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. वसाहतीतल्या सगळ्या बायका ताटं घेऊन टर्बाइन हाउसमध्ये आल्या, माय त्यांत होती. मशीन बंद होतं. नानांनी टर्बाइनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि मग राखणदाराला हळद-कुंकू वाहून त्याच्याभोवती लाल-पिवळा नाडा गुंडाळला. वेढ्यावर वेढे, घट्ट, वर गाठ. संध्याकाळी बाई आली आणि ते सारं पाहून तिचा चेहरा बदलला. म्हणाली, सगळं काढा, धुऊन काढा, उद्या मी दांडा हाताने पाडून बघणार. मी नानांना सांगितलं. नानांनी हार काढला, फुलं काढली, कुंकू फडक्याने पुसलं. पण पूजेचा नाडा कुणी कापतं का? तो आपोआप गळून पडायचा असतो, कापला तर अपशकुन. त्यांनी गाठ आत सरकवली आणि वर पत्र्याचं झाकण बसवलं. बाईला पोचवून मी परत आले तेव्हा झाकण लागलेलं होतं आणि माय तिथेच ताटं आवरत होती. "बठ्ठं काढं ना, नाना?" मी विचारलं. "बठ्ठं काढं," ते म्हणाले. मी बाईला तसंच सांगितलं, सगळं काढलं. राखणदार हा शब्द माझा होता हे खरं, पण गाठ त्यांची होती आणि खोटंही त्यांचं. यावर माझं पुरेसं रडून झालं आहे. आता रडत नाही, चिडते.

दसऱ्याला बॉयलर पेटवून टर्बाइन चालवायचा मुहूर्त. मांडव, लाउडस्पीकर, तालुक्यातले पुढारी. बॉयलर पहाटेच पेटला होता. बाई दांड्याची चाचणी घ्यायला निघाली, तोच आबांच्या माणसांनी तिला मांडवात नेलं. सत्कार! शाल आणि श्रीफळ! बाई मला सारखी म्हणत होती, "मला आत जाऊ दे, विजा." माझं नाव विजया, ती विजा म्हणायची. मी आबांना सांगितलं. आबा माइकवरून म्हणाले, "मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, पोरी." आणि टर्बाइन हाउसच्या दाराकडे हात केला. आत नानांनी वाफ सोडली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. टर्बाइनने सूर धरला, विजेचे दिवे लागले, टाळ्या झाल्या. मग कुठेतरी वीज घेणारी मोठी मोटार धाडकन बंद पडली, जनरेटरवरचं ओझं एकदम उतरलं. उतारावर बैलांचं जू सुटलेली गाडी जशी पळते तसं टर्बाइन पळालं. सूर चढत गेला, शिट्टीसारखा, किंकाळीसारखा, आणि आणखी वर. बाईच्या अंगावर शाल होती. ती तशीच धावली, मी तिच्यामागे. दारातूनच मला दिसलं, नाना मागे सरकत होते आणि धनराज, आमच्या शेजारच्या घरातला ऑपरेटर, वाफेच्या झडपेच्या चाकाला लोंबकळून ते फिरवायचा प्रयत्न करत होता. राखणदार पडला नव्हता. बाई मला ओढत वरच्या मुख्य झडपेकडे घेऊन गेली. त्या चाकाला वाफेची गळती होती, ते निखाऱ्यासारखं तापलेलं. आम्ही दोघींनी उघड्या हातांनी फिरवलं. माझी कातडी त्या लोखंडावर चिकटून राहिली हे मला नंतर समजलं. झडप बंद झाली, पण तोवर खाली टर्बाइन फुटलं होतं.

तो आवाज मी लिहू शकत नाही. छताचे पत्रे गेले. टर्बाइनच्या आवरणाचा तुकडा धनराजच्या छातीतून गेला आणि मागच्या भिंतीत रुतला. त्याचा हात अजून चाकावर होता. बाकीचा तो खाली, तेलात आणि रक्तात. मी खाली उतरले तेव्हा माझ्या चपला रक्तात चपचप वाजत होत्या, आणि मला धनराजची आई दारात दिसली. ती ओरडत नव्हती. तिने नुसता पदर तोंडात कोंबला होता.

पाच-दहा मिनिटांत अंगण माणसांनी भरलं. ऊसतोडणीचे कोयते, सळ्या, पाइप. आबा जीपमध्ये बसून निघून गेले होते. कुणाला तरी मारल्याशिवाय ती गर्दी परत जाणार नव्हती. ती सुरुवात कुणी केली ते मला माहीत आहे. नानांनी. "हाई बाईनी मारं पोऱ्याले! तिनं मशीन, तिनं मरण!" बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, भाजलेले हात पुढे धरून. पहिला पाइप तिच्या बरगडीवर बसला. मला ती मोडल्याचा आवाज आला. ती खाली बसली, पुन्हा उठली. धनराजच्या भावाच्या हातात कोयता होता.

मी टर्बाइनच्या मोडलेल्या तोंडाशी गेले. झाकण उडून गेलं होतं. राखणदार जागच्या जागी होता, नाड्याने जखडलेला, लाल-पिवळा. मी दोन्ही मनगटांनी तो धरून हिसडला, तो दांडा तुटून आला. तो वर धरून मी ओरडले, "बाईनी नही मारं! हाऊ दखा! हाऊ पडना नही, का पडना नही? नाड्याने बांधलाय! नाना, तुम्ही बांधा होता!"

क्षणभर सगळे थांबले. मग नानांचा पाना माझ्या जबड्यावर बसला. त्यांनी मला आयुष्यभर मारलं होतं, पण लोखंडाने ती पहिली वेळ. मी पडता-पडता पाहिलं, बाईने जमिनीवरची सळी उचलली, ती तशा भाजलेल्या हातांत पकडली आणि नानांच्या खांद्यावर घातली. हाड मोडलं. नाना ओरडले. मला आनंद झाला. आज साठी ओलांडल्यावरही तो आनंद मला खोटा म्हणवत नाही. मग गर्दी बाईवर तुटून पडली. माझ्या हातातला दांडा कुणीतरी हिसकावला. मी तोंडातलं रक्त गिळत होते आणि मला वाटलं, आता संपलं.

मुख्य झडप आम्ही बंद केली होती, पण बॉयलरची आग तर चालूच होती. कोंडलेल्या वाफेला वाट हवी होती. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला, आणि अशा आवाजाने सुटला की सगळ्यांना वाटलं, आता बॉयलरही फुटतोय. कोयते, सळ्या टाकून माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. सलीमभाई, गेस्ट हाउसच्या जीपचे ड्रायव्हर, एकटे उलट्या दिशेने आले. त्यांनी बाईला खांद्यावर टाकलं, मला हाताला धरलं. पुढचं मला धुळ्याच्या दवाखान्यातलं आठवतं.

माझा जबडा तारेने बांधला होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. बाई पलीकडच्या खोलीत, दाराशी पोलीस. तिचा पासपोर्ट जप्त केला होता. आबांनी आणि वसाहतीतल्या बहुतेकांनी जबानी दिली होती की बाईने टर्बाइन बेफिकिरीने उभं केलं. दांडा नाहीसा झाला होता. नाडा कुणीच पाहिला नव्हता. नर्सने मला कानात सांगितलं, "बाईला सदोष मनुष्यवधाखाली आत टाकणार म्हणताहेत." मी उठायचा प्रयत्न केला, तिने दाबून झोपवलं. मी बोलू शकत नव्हते, लिहू शकत नव्हते. तेवढी भीती मला त्या कोयत्यांसमोरही वाटली नव्हती.

तपासाचे साहेब आले तेव्हा खोलीत माय होती, आणि खांदा गळ्यात बांधलेले नाना. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "ही बोलू शकत नाही. मान हलवणं जबानी होत नाही." त्यांनी नानांना विचारलं, "फोरमन, दांड्याला काही बांधलं होतं का?"

"नही," नाना म्हणाले. "पोर घाबरेल होती. काय भी बडबडनी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. कागद गुंडाळायला लागले. मी डोळे मिटून घेतले.

"मी दखं," माय म्हणाली.

साहेबांनी वर पाहिलं. नानांनी मान वळवली, हळू, जणू भिंत बोलली.

"मी तठे होतू," माय म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "नाडा त्यास्नी बांधा होता. बाईनी सांगं काढा, त्यास्नी नही काढा. आंडेरनी, हाई पोरनी, इचारं, तर खोटं सांगं. धनराज त्यामुळे मरी गया. ती बाईमुळे नही."

नाना उठले. डाव्या हाताने, साहेबांसमोर, त्यांनी मायच्या थोबाडीत मारली. बांगड्या कॉटच्या दांड्यावर आपटून फुटल्या. मायचं तोंड एका बाजूला फिरलं आणि तिने ते परत साहेबांकडे फिरवलं. ओठातून रक्त येत होतं. तिने ते पुसलं नाही.

"आते हाई बी लिखा, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा कागद उघडला आणि लिहायला लागले.